दारामागची खुंटी

दोन वर्षांपूर्वी मार्चमध्ये आम्ही चौघं कोकणातल्या वेळासला कासवांची पिल्लं बघायला गेलो होतो. रविवारी रात्री उशिरा पुण्याला परतलो आणि सकाळी गाडीची डिकी रिकामी करायला घेतली. पाण्याच्या ११ बाटल्या निघाल्या. वेफर्सची पाकिटं, एकात एक घातलेले चहाचे कागदी कप, बिस्किटांचे ट्रे, एका काळ्या पिशवीत गुंडाळलेली केळ्यांची सालं. दोन दिवसांचा पसारा, तोही समुद्रातल्या जिवाला जपणाऱ्या गावाहून आलेला. मला फार वाईट वाटलं.

मग एकेक वस्तू बाजूला काढताना ती कुठे घेतली ते आठवत गेले. त्यातलं काहीच हौसेनं घेतलेलं नव्हतं. निघताना बाटल्या भरायच्या राहिल्या, म्हणून पाणी विकत घेतलं. बरोबर डबा नव्हता आणि मुलाला भूक लागली, म्हणून वेफर्स घेतले. एसटीचं आरक्षण करायचं मनात होतं, पण शुक्रवारपर्यंत ते राहूनच गेलं आणि गाडी काढावी लागली. टपरीसमोर तहानलेल्या पोराला घेऊन उभं राहिल्यावर माणूस बाटली घेणारच. ती टाळायची वेळ आदल्या रात्री, ओट्यापाशीच होऊन गेलेली असते. त्या दिवसापासून घरात जे बदल केले, त्यांतले निघण्याआधी करायचे होते तेवढेच टिकले. ते जमले त्याच क्रमानं सांगते.

सुरुवात पिशवीपासून

कापडी पिशवी आज कोणाच्या घरात नाही? लग्नातल्या, साडीच्या दुकानातल्या, कुठल्याशा शिबिरातल्या अशा दहाबारा पिशव्या कपाटात असतात आणि आपण मंडईत हात हलवत पोचतो. म्हणून पहिलं काम खुंटीचं. दारामागे, जिथे गाडीची किल्ली अडकवता त्याच्या शेजारीच एक खुंटी ठोका. किल्ली घेताना हात पिशवीला लागला पाहिजे, इतकी जवळ. त्या खुंटीवर एक मोठी, जाड बुडाची पिशवी ठेवा. दुसरी घडी घालून मुठीत मावेल अशी पातळ पिशवी पर्समध्ये किंवा स्कूटरच्या डिकीत कायमची राहू द्या. ऑफिसातून येताना अचानक कोथिंबीर घ्यावीशी वाटते, तेव्हा ही दुसरीच कामाला येते.

नवीन पिशव्या विकत घेऊ नका. कापूस पिकवायला पाणी लागतं, खतं-औषधं लागतात, कापड विणायला आणि रंगवायला आणखी पाणी लागतं. त्यामुळे कापडी पिशवी वर्षानुवर्षं वापरली तरच तिचा उपयोग. जुनी चादर किंवा विटलेल्या जीन्सचे पाय कोपऱ्यावरच्या शिंप्याकडे दिले, तर त्याच्या चांगल्या पिशव्या होतात. त्याला सांगून बुडाला दुहेरी शिवण घालून घ्या आणि बंद पिशवीच्या पोटापर्यंत खाली आणून शिवून घ्या. नुसते तोंडाशी टाचलेले बंद पाच किलो बटाट्यांना उसवतात.

दुकानात मिळणारी ‘कापडी’ पिशवी एकदा उजेडाकडे धरून पाहा. ताणा-बाणा न दिसता सगळीकडे बारीक ठिपके दाबलेले दिसले, तर ते कापड नव्हे, पॉलिप्रॉपिलीन आहे, म्हणजे प्लास्टिकच. त्याचा धागा पेटवला तर तो वितळून त्याचा मणी होतो. सुती धाग्याची कागदासारखी जळून राख होते. अशी पिशवी घरात आलीच असेल तर फाटेपर्यंत वापरा, पण ती पर्यावरणाला बरी या समजुतीनं आणखी घेऊ नका.

कायदा आपल्या बाजूनं आहे, तोही नुसता कागदावर ठेवण्यासारखा नाही. महाराष्ट्रात २३ जून २०१८ पासून प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी लागू झाली आणि पहिल्या गुन्ह्याला ५,००० रुपये दंड ठरला. १ जुलै २०२२ पासून एकदा वापरून टाकायचे प्लास्टिकचे चमचे, स्ट्रॉ, थाळ्या, पेले देशभर बंद झाले. बंदी का हवी, हे त्याआधीच दिसलं होतं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि मुंबई बुडाली. त्या वेळी गटारांच्या तोंडाशी अडकलेल्या पिशव्यांची चर्चा घरोघर झाली होती, ती माझ्या पिढीला चांगली आठवते.

तरीही मंडईत पातळ पिशव्या मिळतात. आमच्या भाजीवाल्या मावशींना एकदा विचारलं, तर म्हणाल्या, “ताई, मी नाही दिली तर गिऱ्हाईक पुढच्या पाटीवर जातं. पिशव्यांचे पैसे माझ्याच खिशातनं जातात.” म्हणजे नकार आपणच द्यायचा आहे आणि तो वेळेवर द्यायचा आहे. भाजी तागडीत पडली की मावशींचा दुसरा हात सवयीनं पिशवीकडे जातो आणि एकदा भाजी तिच्यात गेली की ‘राहू द्या आता’ होतं. म्हणून भाव विचारतानाच आपल्या पिशवीचं तोंड उघडून पुढे धरायचं आणि सांगायचं, “मावशी, थेट यातच ओता.” हे वाक्य वजनाच्या आधी बोललात तर दहापैकी नऊ वेळा जमतं.

मंडईत

एकाच पिशवीत सगळं घ्यायचं तर खरेदीचा क्रम ठरवून घ्यावा लागतो. आधी कांदे-बटाटे, मग दुधी, गाजर, बीट, मग वांगी, फरसबी आणि शेवटी टोमॅटो. पालेभाज्यांसाठी मोठ्या पिशवीत जुन्या मलमलच्या ओढणीच्या दोन छोट्या थैल्या ठेवते. घरी आल्यावर थैली किंचित ओली करून तशीच फ्रिजमध्ये ठेवली की मेथी-कोथिंबीर तीन-चार दिवस ताजी राहते. प्लास्टिकमध्ये कोंडलेली कोथिंबीर घामेजून दुसऱ्या दिवशी काळी पडते, हे प्रत्येकीनं पाहिलेलं आहे. मिरच्या, लिंबं, आलं यांना थैलीचीही गरज नाही. ती पर्सच्या बाहेरच्या कप्प्यात जातात.

खरी अडचण ओल्या वस्तूंची. दही, पनीर, इडलीचं पीठ, मासे, चिकन. यांना डबाच लागतो आणि डबा पुढे केला की दुकानदार म्हणतो, “डब्याचं वजन कसं धरू?” यावर मी शोधलेला उपाय सोपा आहे. घरचे चार डबे किराणा दुकानातल्या काट्यावर एकदा वजन करून घेतले आणि प्रत्येकाच्या बुडाला नेलपॉलिशनं ग्रॅम लिहून ठेवले. पूर्वी भांड्यांवर नाव घालून घ्यायचे, तसं आता माझ्या डब्यांवर २१०, ३४०, ४६५ असे आकडे आहेत. दुकानदार डबा उलटा करून वाचतो, तेवढं वजा करतो, वाद संपतो. ज्यांच्याकडे इलेक्ट्रॉनिक काटा आहे ते रिकामा डबा ठेवून आकडा शून्यावरही आणू शकतात. त्यांना फक्त डबा भरायच्या आधी द्यावा लागतो. झाकणाची रबरी रिंग घट्ट आहे ना, हे मात्र निघायच्या आधी डब्यात पाणी भरून पाहा. मी एकदा हे केलं नाही आणि अर्धा किलो दही स्कूटरच्या पायठेवणीवर सांडलं.

माशांबद्दल थोडं सांगायला हवं, कारण तिथे पिशवीपेक्षा मासा कुठला घेता हे महत्त्वाचं आहे. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, कारण तो अनेक जातींच्या विणीचा काळ असतो. त्या दोन महिन्यांत सुकी मच्छी, खाडीचे मासे किंवा तळ्यातले मासे घ्या. एरवीही तळहातात मावेल एवढं पापलेट कुणी स्वस्तात देत असेल तर घेऊ नका. त्यानं अजून एकदाही अंडी दिलेली नसतात. पापलेटला २०२३ मध्ये महाराष्ट्रानं राज्यमासा केलं ते त्याचं प्रमाण घटत चाललंय म्हणूनच. “मोठं आल्यावर सांग गं” असं कोळणीला दोन-चार गिऱ्हाइकांनी सांगितलं तरी तिच्या कानावर राहतं.

फळं-भाज्या मोसमातल्या घ्या, हे प्रत्येक लेखात असतं म्हणून लांबवत नाही. पण पावसाळ्यात टाकळा, कुर्डू, शेवळं, करटोली, फोडशी विकायला बसणाऱ्या बायकांकडून एक जुडी तरी घ्या. या भाज्यांना शेत नांगरावं लागत नाही, खत लागत नाही आणि शीतगृहही लागत नाही. शेवळं करायची तर घशाला खाज येऊ नये म्हणून सोबत काकडं घ्यायला विसरू नका. ती बहुतेक त्याच पाटीत असतात.

वाण्याकडे आणि मोबाइलवर

किराणा मालात एकच गोष्ट लक्षात ठेवली तरी पुष्कळ होतं. वेफर्स, बिस्किटं, शांपूची पाऊच, नूडल्सचा मसाला यांची चकचकीत पाकिटं प्लास्टिकचे आणि बऱ्याचदा ॲल्युमिनियमचे पातळ थर एकमेकांवर चिकटवून केलेली असतात. ते थर सुटे करता येत नाहीत, म्हणून भंगारवाला ती घेत नाही आणि कचरावेचकांनाही त्यांचे पैसे मिळत नाहीत. दुधाची पिशवी, तेलाचा कॅन, शांपूची मोठी बाटली यांना मात्र भंगारात किंमत आहे. तेव्हा बाहेरून दोन्ही प्लास्टिक दिसलं, तरी एकाला पुढचा जन्म आहे आणि दुसऱ्याला नाही. खरेदी करताना ‘हे भंगारवाला घेईल का’ एवढंच मनाशी विचारा. दहा रुपयांच्या बारा पाऊचऐवजी एक मोठी बाटली घ्या, डाळी-तांदूळ-रवा जिथे सुटा मिळतो तिथून घ्या, शेंगदाणे-गूळ पिशवी नेऊन आणा.

दुधाची पिशवी कापताना कोपरा पूर्ण तोडू नका. चीर द्या, पण तो तुकडा पिशवीलाच लागून राहू द्या. नखाएवढा तो तुकडा कुणाच्याही हाताला लागत नाही आणि थेट गटारात जातो. पिशवी विसळून, उलटी करून दोरीवर वाळवा. पुण्यात २००८ पासून ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांचीच सहकारी संस्था घरोघरचा कचरा गोळा करते. त्या बायकांना सुका कचरा खरोखर सुका आणि धुतलेला मिळाला तर त्यांचं काम किती हलकं होतं, ते एकदा त्यांच्याच शेजारी उभं राहून पाहावं. आमटीनं माखलेला डबा त्या हातांनीच वेगळा करतात.

ऑनलाइन खरेदीत मी एक नियम लावला आहे. वस्तू निवडायची, टोपलीत टाकायची आणि रात्रभर तशीच ठेवायची. सकाळी बघितलं की निम्म्या वस्तू मी स्वतःच काढून टाकते. उरलेल्या एकदम मागवते, म्हणजे तीन दिवस तीन खोकी येत नाहीत. कपडे मागवण्याआधी घरातल्या नीट बसणाऱ्या कुर्त्याची मापं टेपनं घेऊन तक्त्याशी ताडून बघते, म्हणजे परत पाठवायची वेळ येत नाही. परतीचा कपडाही पुन्हा ट्रकनं प्रवासच करतो. आणि नवा कपडा घेण्याआधी रफूवाल्याकडे एक फेरी. बोहारीण आमच्याकडे अजून येते. जुने कपडे तिच्याकडे गेले की त्यांना दुसरं घर मिळतं.

प्रवास ठरवताना

एक लिटर पेट्रोलचं वजन पाऊण किलोच्या आसपास असतं, पण ते जळलं की साधारण २.३ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, कारण पेट्रोलमधल्या कार्बनला हवेतला ऑक्सिजन येऊन मिळतो. पुण्याहून वेळास जाऊन-येऊन सुमारे ४०० किलोमीटर. लिटरला १५ किलोमीटर देणारी गाडी असेल तर साधारण २७ लिटर पेट्रोल, म्हणजे ६० किलोच्या वर धूर. आम्ही चौघं होतो म्हणून माणशी पंधरा किलो. एकटा माणूस गेला असता तर साठ त्याच्याच वाट्याला. एसटीला डिझेल लिटरमागे चार-पाच किलोमीटर पुरतं, पण आत चाळीस माणसं असतात. तोच प्रवास माणशी सहा किलोच्या आसपास येतो. चौघांची भरलेली गाडी वाईटच असं मी म्हणणार नाही. म्हाताऱ्या सासूबाई बरोबर असतील तर आम्ही आजही गाडीच नेतो. पण गाडीत एकटं बसून मुंबई-पुणे करायचं कारण क्वचितच असतं.

आगगाडी याहूनही बरी. कोकण रेल्वेचा संपूर्ण मार्ग २०२२ मध्ये विजेवर आला. आपली बरीच वीज अजून कोळशावरची आहे, तरी शेकडो माणसं एका इंजिनामागे जातात, म्हणून माणशी हिशेब कमीच भरतो. अडचण तिकिटाची असते आणि तिचं उत्तर तारखेत आहे. नोव्हेंबर २०२४ पासून आरक्षण प्रवासाच्या ६० दिवस आधी उघडतं. मे महिन्यात कणकवली-कुडाळला जायचं तर मार्चमध्ये, ज्या दिवशी आरक्षण उघडेल त्या सकाळी ८ वाजता बसायचं. मी वर्षाच्या सुरुवातीला शाळेच्या सुट्ट्यांच्या तारखा घेते, त्यांतून ६० दिवस मागे मोजते आणि भिंतीवरच्या कालनिर्णयवर त्या चौकटीत लाल पेननं ‘तिकीट’ लिहून ठेवते. हे करायला लागल्यापासून आमचे चारपैकी तीन प्रवास गाडीविना झाले आहेत.

एसटीत ७५ वर्षांवरच्यांना तिकीटच नाही आणि महिलांना मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट आहे. म्हणजे आमच्या घरातल्या तीन बायका एसटीनं गेल्या तर पेट्रोलपेक्षा स्वस्तात जाऊन येतात.

तिकिटाबरोबरच आणखी एक फोन करून ठेवा, ज्यांच्याकडे उतरणार आहात त्यांना. “स्टँडवरून तुमच्याकडे कसं यायचं? शेवटची गाडी किती वाजता?” कोकणात स्टेशन गावापासून लांब असतं आणि याच शेवटच्या पाच-दहा किलोमीटरच्या भीतीनं लोक घरून गाडी नेतात. यजमानांना गावातल्या रिक्षावाल्याचं नाव ठाऊक असतं. आदल्या दिवशी सांगून ठेवलं की तो स्टेशनवर उभा असतो. वेळाससारख्या गावात लोक आपल्या घरातच पाहुण्यांची सोय करतात. तिथलं पाणी, तिथलंच जेवण, गावातच राहणारा पैसा. मोठ्या रिसॉर्टपेक्षा मला ते शंभर वेळा बरं वाटतं.

आदल्या रात्रीची तयारी

प्रवासाची पिशवी आमच्याकडे आता तयारच असते. माणशी एक लिटरची स्टीलची बाटली, एक स्टीलचा पेला, एक चमचा, एक पंचा. साबणाची वडी तिच्या डबीत, म्हणजे हॉटेलातल्या इटुकल्या बाटल्या उघडाव्या लागत नाहीत. खायला दशम्या. दुधात भिजवलेल्या असल्यामुळे त्या दोन दिवस सहज टिकतात. बरोबर शेंगदाण्याची चटणी आणि गुळाचा खडा. मुलांना वेफर्सची आठवण येते ती भुकेनं, आणि दशमी हातात आली की ती येत नाही, हा माझा अनुभव आहे.

स्टीलचा पेला चहासाठी. कागदी कपाच्या आतून प्लास्टिकचा पातळ थर असतो, नाहीतर चहा झिरपला असता. आयआयटी खरगपूरच्या संशोधकांनी २०२० मध्ये दाखवलं की अशा कपात १०० मिलिलिटर गरम पेय १५ मिनिटं राहिलं तर त्यात प्लास्टिकचे सुमारे २५,००० सूक्ष्म कण उतरतात. टपरीवर “काका, यात द्या” म्हणून पेला पुढे केला तर आजवर कुणी नाही म्हटलेलं नाही. उलट बऱ्याच ठिकाणी काचेचे ग्लास आतल्या फळीवर असतात. मागितले की काढून देतात.

पाण्यासाठी जेवणाच्या प्रत्येक थांब्यावर निघताना बाटल्या भरून घ्यायच्या. हॉटेलात वेटर “साधं की बाटली?” विचारतो, तेव्हा साधं सांगा आणि फिल्टर कुठे आहे ते पाहून तिथूनच भरा. शंका वाटली तर यजमानांकडून उकळलेलं पाणी मागून घ्या, ते आनंदानं देतात.

त्या पिशवीत तळाशी एक रिकामी पिशवीही घाला. ती येतानाच्या कचऱ्याची. छोट्या गावांत सुका कचरा उचलायला गाडी नसते. आपण डब्यात टाकलेलं पाकीट संध्याकाळी मागच्या परसात जाळलं जातं किंवा वहाळात जातं. केळीची साल तिथल्या मातीत टाका, पाकीट घरी आणा.

पोचल्यावरही जपून वागावं लागतं. वेळासच्या किनाऱ्यावर चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेनं २००२ पासून गावकऱ्यांना बरोबर घेऊन ऑलिव्ह रिडले कासवांची अंडी राखायला सुरुवात केली. वाळूत कुंपण घालून पुरलेल्या त्या अंड्यांतून पिल्लं बाहेर आली की सकाळी-संध्याकाळी त्यांना समुद्राच्या दिशेनं सोडतात. तळहातापेक्षा लहान जीव. वल्ह्यासारखे पाय मारत, थांबत, पुन्हा सरकत लाटेकडे जातात. त्यांना दिशा कळते ती समुद्रावरच्या उजेडावरून. मागून कुणी बॅटरी किंवा फ्लॅश मारला तर ती वळतात. म्हणून दोरीच्या मागे उभं राहायचं, मोबाइल खिशात ठेवायचा, वाळूत खड्डे पाडायचे नाहीत. माझ्या शेजारी एक आजोबा नातीला कडेवर घेऊन उभे होते. लाट आली, पिल्लू तिच्यात दिसेनासं झालं आणि ती पोर हळूच “गेलं” म्हणाली.

लांबच्या प्रवासाच्या या तयारीपुढे शहरातला रोजचा प्रवास सोपा वाटतो. दोन किलोमीटरच्या आतलं काम पायी किंवा सायकलनं करा. गार इंजिनाला पहिल्या दोन-तीन किलोमीटरांतच जास्त पेट्रोल लागतं. सिग्नलला आकडा वीसच्या वर असेल तर इंजिन बंद करा. टायरमधली हवा पंधरा दिवसांनी, टायर गार असताना तपासा. तीन कामं असतील तर एकाच फेरीत करा.

घरी परतल्यावर एक काम राहतं आणि तेच बहुतेकांचं चुकतं. आपण दमून सामान ओट्यावर ओततो, पिशवी खुर्चीवर टाकतो, आणि दुसऱ्या दिवशी खुंटी रिकामी असते. तेव्हा भाजी काढून झाली की पिशवी उलटी करून झटका, कोथिंबिरीची पानं निघून जाऊ द्या. मासे आणलेली असेल तर लगेच साबणानं धुऊन उन्हात टाका. बाटल्या उघड्या ठेवून वाळवा, डबे झाकणासकट एकत्र ठेवा. आणि झोपायच्या आधी दारापाशी जाऊन पिशवी किल्लीच्या शेजारी अडकवा.